आत्याचा आगाऊ फोटो

पेनिसिमानी गेला तेव्हा घरच्यांना त्याचा एकट्याचा एकही फोटो सापडेना. शेवटी चर्चच्या कुठल्याशा कार्यक्रमातला घोळक्याचा फोटो मिळाला. आमच्या बेटावरच्या नेइयाफू शहरातल्या फोटोच्या दुकानदाराने त्यातून तेवढा पेनिसिमानी कापला, चादरीएवढा मोठा छापला आणि आमच्याकडे घरात कोणी गेलं की टांगतात तसा आम्ही तो दारावर टांगला. टांगल्यावर लक्षात आलं की त्याच्या डाव्या खांद्यावर एक हात आहे. बाईचा, चार अंगठ्या घातलेला. बाई मात्र नव्हती.

त्याची बायको टोकिलुपे रडता रडता मध्येच थांबायची, त्या हाताकडे बघायची आणि पुन्हा रडायची, पण जरा वेगळ्या सुरात. कावा, म्हणजे मुळांचं गुंगीचं पेय, प्यायला बसलेले पुरुष हळू आवाजात गावातल्या बायकांच्या अंगठ्या आठवत होते. मीही त्यांत होतो.

जेवणावर उलगडा झाला. "तो हात माझा आहे," पेनिसिमानीची कौफोऊ आत्या म्हणाली. तोंडात कोनफळ होतं, ते गिळायची तिने वाट पाहिली नाही. "मी त्याच्या शेजारी उभी होते. मला कापलं आणि हात ठेवला."

"आधी सांगायचं ना तुम्ही," टोकिलुपे म्हणाली. "कालपासून मी त्याला मनातल्या मनात शिव्या देतेय."

"राहू दे. त्या शिव्या त्याने इतर वेळी जे केलंय त्याच्या खात्यात धर."

मग आत्याने हात पुसले आणि ती भाच्याकडे, म्हणजे मयताच्या धाकट्या भावाकडे वळली. "कितिओने, तू रिकामा आहेस. मी मेल्यावर मला असं तुकड्यातुकड्यांनी टांगलेलं चालणार नाही. चांगला कॅमेरा आण, शीक, आणि माझा जिवंतपणीच एक धड फोटो काढ."

"आत्या, मला फोनवरसुद्धा..."

"शीक म्हटलं ना."

बापाची बहीण म्हणजे आमच्याकडे शेवटचं कोर्ट. तिथून पुढे अपील नाही.

कितिओनेने आणि मी धक्क्यावर बरोबर नोकरी केली. तो खिडकीत बसून बोटीची तिकिटं विकायचा, मी सामानाचं वजन करायचो. लग्न करायचं त्याचं राहूनच गेलं. कुठलंही काम अंगावर घेतलं की कोणालाही न विचारता, पूर्ण आत्मविश्वासाने ते चुकीचं करायचं, ही त्याची रीत. निवृत्त झाल्यावर त्याने स्वतःच्या घराचा नळ दुरुस्त केला होता. अजून तो पाणी बाहेरच्या डबक्यातून आणतो.

पेनिसिमानीची मुलगी विका ऑकलंडला असते. तिने एक वापरलेला डीएसएलआर कॅमेरा बोटीने पाठवला, जुने कपडे आणि डबाबंद बीफ यांच्या मधोमध गुंडाळून. माहितीपुस्तकही होतं. ते कितिओनेने डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलं आणि कामाला लागला.

आधी सगळं कॅमेऱ्यावर सोपवून पाहिलं. घरात कुठेही रोखला की फ्लॅश उडायचा, आणि फोटोतला प्रत्येक माणूस शेजाऱ्याचं डुक्कर पळवताना सापडल्यासारखा दिसायचा. मग त्याने वरची चकती फोटो काढणाऱ्यानेच सगळं ठरवायच्या खुणेवर फिरवली. आठवडाभर नुसते काळे फोटो आले. त्याने ढगांना दोष दिला. विकाने फोनवर समजावलं, "काका, लेन्समधलं छिद्र म्हणजे खिडकी. ती किती उघडायची हे एक. किती वेळ उघडी ठेवायची हे दुसरं."

"आणि तिसरं?"

"तिसरं कॅमेऱ्यावर सोडा. तुम्हाला दोनच पुष्कळ झाली."

एवढं मात्र त्याला पटलं. खिडकीचा त्याला आयुष्यभराचा अनुभव होता.

इतपत जमल्यावर जोडसामानाचा विषय निघाला. विका म्हणाली, "माणसांचे फोटो काढायचेत ना? मग पन्नासची छोटी लेन्स घ्या. स्वस्त असते, उजेड भरपूर घेते."

"छोटी नको. रग्बीच्या मैदानाकडेला बसतात ना, त्यांच्याकडे असते तसली दे."

"ती लांबच्या वस्तूंसाठी असते. आत्याआजी काय पळत जाणार आहे?"

"आणि खिशांचं जाकीट. आणि तीन पायांचा स्टँड."

लेन्स आली. जुनी होती, पण कोपरापासून मनगटापर्यंत लांब. जाकिटाला इतके खिसे होते की आत ठेवलेली वस्तू काढायला त्याला जाकीट उतरवावं लागे. ते घालून तो चर्चला निघाला की लोक बाजूला व्हायचे. पाद्रीबाबा तर प्रवचनात एकदा पोट आत घेऊन उभे राहिले. कॅमेरा त्या वेळी पिशवीत होता.

मग एके दिवशी सकाळी आत्या नटून ओसरीत बसली. कमरेला, आमच्याकडे समारंभाला गुंडाळतात तशी, उत्तम चटई गुंडाळलेली, मांडीवर पंखा. कितिओनेने कॅमेऱ्याला डोळा लावला, तर समोर नुसतं धूसर काहीतरी. मागे सरकला, तर एक कान. आणखी मागे सरकला. अंगण संपलं, रस्ता ओलांडला, आणि तो स्टँडसकट माझ्या डुकरांच्या कुंपणात शिरला. तिथून त्याला आत्या पूर्ण दिसली. बोलणं मात्र ओरडूनच करावं लागत होतं.

"आत्या, हसा."

"कोणाला?"

"कोणाला नाही. नुसतं हसा."

"नुसतं हसायला मी काय वेडी आहे?"

एव्हाना रस्त्यावर बरेच लोक जमून नुसतेच हसत होते. तेवढ्यात माझ्या डुकरिणीने जाकिटाचा खालचा खिसा आतल्या तंबाखूसकट खाल्ला. स्टँड कलंडला. कितिओनेने आधी लेन्स वाचवली आणि मग स्वतः पडला. त्याच्यात एवढी समज आलेली पाहून मला खरंच बरं वाटलं.

त्याने विकाला फोन केला. घसा साफ करून म्हणाला, "त्या छोट्या लेन्सचं काय म्हणत होतीस?"

"ती मी तेव्हाच पाठवली, काका. बोटीवर असेल."

लेन्सबरोबर दुसरी बॅटरी होती आणि घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा. आत ओल शोषणाऱ्या पुड्या. आमच्या हवेत लेन्सच्या काचेला आतून बुरशी चढते, तेव्हा कॅमेरा कायम त्यात ठेवायचा, असं तिने बजावलं होतं. कितिओनेने मुकाट्याने ऐकलं. स्टँड वाऱ्याने हलू नये म्हणून त्याच्या मधल्या आकड्याला कोनफळांची थैली अडकवायची, हे मात्र त्याचं स्वतःचं डोकं.

आता तो आत्यापासून चार पावलांवर होता. खिडकी पार उघडून त्याने पहिला फोटो काढला. मागची कपड्यांची दोरी धुक्यासारखी विरघळली. तो खूश झाला. आत्याने कॅमेऱ्याच्या मागचा पडदा डोळ्यांजवळ धरला.

"नाक माझंच आहे," ती म्हणाली. "डोळे कोणाचे आहेत?"

नाक स्पष्ट आलं होतं, डोळे पुसट. मग त्याने जवळच्या डोळ्यावर नेम धरायला शिकून घेतलं, खिडकी जरा मिटली, आणि टोकिलुपेला पांढरी चादर धरून बाजूला उभं केलं म्हणजे चेहऱ्यावर उजेड उलटून येईल. तिचे हात भरून आले. ती काहीतरी पुटपुटली, आत्याने तिच्याकडे रागाने वळून पाहिलं, आणि नेमकं तेव्हाच कितिओनेने बटण दाबलं.

आत्या तो फोटो बराच वेळ बघत राहिली. "ही बाई मेली तर लोकांना वाईट वाटेल," ती म्हणाली.

तो छापून गुंडाळून पलंगाखाली ठेवायचा, असं ठरलं होतं. पण आत्याला तो इतका आवडला की तिने ओसरीवरच टांगला, खाडीच्या बाजूला. येणाऱ्या जाणाऱ्या होड्यांनी पाहिला. शनिवारी पलीकडच्या बेटावरून नातेवाईक आले. सगळे काळ्या कपड्यांत, खांद्यावर चटयांच्या वळकट्या, आणि होडीत पाय बांधलेलं डुक्कर. फाटकाशीच त्यांनी रडायला सुरुवात केली.

आत्या झाडू घेऊन बाहेर आली. "कोण गेलं?"

सगळे आधी फोटोकडे आणि मग तिच्याकडे बघू लागले. हावेआ म्हणून तिचा एक चुलतभाऊ आहे. तो अखेर म्हणाला, "तू."

आत्याने थोडा विचार केला. "बरं. मग चटया आत कोरड्या जागी ठेवा."

मयताच्या घरी द्यायला आणलेल्या त्या चटया तिने परत दिल्या नाहीत. डुक्कर दुपारीच भाजलं. हावेआने भाषण तयार करून आणलं होतं. ते वाया जायला नको म्हणून तिने त्याला वाचायला लावलं. "प्रेमळ काढ त्यातून," ती मध्येच म्हणाली. "लोक हसतील."

जेवणं झाली. सगळे आयते नटलेले होते, खुर्ची ओसरीत होती, चादर दोरीवर होती. हावेआ उठला आणि खुर्चीत जाऊन बसला. कितिओनेने कॅमेरा डब्यातून काढला. मग एकेक जण बसत गेला. कशासाठी, ते कोणी बोलून दाखवलं नाही. चेष्टामस्करी चालू होती, पण खुर्चीत बसलेला माणूस तेवढ्यापुरता गप्प व्हायचा.

संध्याकाळी आम्ही दोघं पायरीवर बसलो होतो. "खिडकीत इतकी वर्षं बसलो," कितिओने म्हणाला, "पण लोक माझ्या हातातल्या सुट्ट्या पैशांकडे बघायचे. आज पहिल्यांदाच इतके लोक सरळ माझ्याकडे बघत होते."

"तुझ्याकडे नाही, लेन्सकडे," मी म्हणालो.

"ते चालेल," तो म्हणाला, आणि बॅटरी चार्ज करायला आत गेला.