साफ केलेले फोटो

"आधी डोळे, ताई. डोळे चोख, तर फोटो चोख." कुठलाही फोटो समोर आला की बडोद्याच्या हरणी भागातले आमचे शेजारी हेच म्हणत आणि दोन बोटांनी पडद्यावरचा चेहरा मोठा करत. मुलांनो, तुम्ही त्यांना फोटोआजोबा म्हणायचात. "हसू नका, हसलात तर पुन्हा काढेन," असं दरडावून ते तुम्हाला हसवायचे, ते आठवत असेल.

फतेगंजला त्यांचा स्टुडिओ होता. आयुष्यभर लोकांच्या लग्नांचे फोटो काढले. वहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, मात्र धड एक फोटो नव्हता. लग्नातल्या फोटोत मान इतकी खाली की चेहराच दिसत नाही. "आणि आधारकार्डावरच्या धुरकट फोटोत तर मीच तिला ओळखत नाही," असं ते म्हणत. वहिनी आतून आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत ओरडायच्या, "गावाचे फोटो काढा तुम्ही! मी काय, घरचीच ने."

वहिनी अंथरुणाला खिळल्या तेव्हा फोटोआजोबांनी घरात कॅमेरा काढला. उजेड वहिनींना सोसत नसे, म्हणून पडदे ओढलेले, फ्लॅश नाही. रोज दोन-चार फोटो. अशा अंधुक खोलीत काढलेल्या फोटोंवर वाळू सांडल्यासारखे दाणे येतात. वहिनी गेल्यावर ते दाणे काढणं हेच त्यांचं काम होऊन बसलं. लॅपटॉपवरचा प्रोग्राम दाणे पुसायचा आणि जुन्या फोटोशेजारी साफ केलेली नवी फाइल ठेवायचा. दोघांची नावं जवळपास सारखी. ते गोंधळायचे, साफ केलेलाच फोटो पुन्हा साफ करायचे. शेवटी लॅपटॉप भरून गेला.

"ताई, तुम्ही लायब्ररीत इतकी वर्षं काढलीत. मला हे जरा लावून द्या ने."

मला असलं काम हवंच असतं. रोज चहानंतर आम्ही बसू लागलो. प्रत्येक महिन्याचा फोल्डर, फोटोला तारखेचं नाव, साफ केलेल्याला एक तारा. ते फोटो मोठा करून डोळे बघत, "चोख" म्हणत, आणि मी नाव देई. सगळं लागलं तेव्हा मी म्हटलं, "आता दाण्यांचे जुने काढून टाका. एकाच गोष्टीच्या दोन प्रती कशाला?"

"राहू दिले तर?"

"मग पुन्हा घोळ घालाल."

"बराबर," ते म्हणाले. कचरापेटीसुद्धा मीच रिकामी करायला लावली. कॅमेऱ्यातलं कार्ड तर ते केव्हाच पुसून मोकळे झाले होते. धंद्यातली सवय.

वर्षश्राद्धासाठी त्यांनी एक फोटो मोठा छापून घेतला आणि तो घेऊन थेट आमच्या दारात आले. "ताई, हनुवटी बघा."

वहिनींच्या हनुवटीवर गोंदण होतं. बारीक, फिकट हिरवे ठिपके, लहानपणी आजोळी गोंदलेले. फोटोतली हनुवटी गुळगुळीत होती. आम्ही लॅपटॉप उघडून एकेक फोटो पाहिला. सगळीकडे डोळे चोख आणि हनुवटी कोरी. प्रोग्रामनं ठिपकेही दाणे समजून पुसले होते.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "हातानं काढतो," एवढंच म्हणाले. दोन दिवसांनी आले. "तीन होते की चार? मधला जरा वर होता ने?"

कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात होतं, हे मला अजून सांगता येतं. पण रोज भेटणाऱ्या बाईच्या हनुवटीवर ठिपके किती, ते मला सांगता येईना. त्यांनी तीन काढले, पुसले, चार काढले, पुसले. "चाळीस वर्षं समोर होती, ताई."

परदेशातल्या मुलाला विचारा, असं मी म्हटलं. "तो आईला व्हिडिओवर बघायचा, फोटो कुठला? आणि त्याला सांगू काय, तुझी आई मी पुसली?"

तेव्हा मी तुमच्याकडे बडोद्याचे सगळे फोटो मागितले होते. कारण सांगायची लाज वाटली. तुम्हाला एकच सापडला. उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीचा, गच्चीवरचा. तुमच्या हातात पतंग, मागे वहिनी तोंडावर हात धरून हसताहेत. पंजानं हनुवटी पार झाकलेली.

त्यांनी तो पुष्कळ वेळ पाहिला. "हसतेय ने," म्हणाले आणि फोन परत दिला. त्यानंतर त्यांनी लॅपटॉप उघडला नाही.

दिवाळीनंतर ते गेले. मुलगा आला, घर आवरलं, लॅपटॉप घेऊन परत गेला. परवा त्याचा निरोप आला : "मावशी, आईचे फोटो पाहिले. किती व्यवस्थित लावलेत तुम्ही! एकसुद्धा डबल नाही. थँक यू."

त्याला लिहिण्याआधी हे तुम्हाला लिहिलं.