गाळलेल्या सात ओळी

कमलिनी देवस्थळीचं अक्षर फार सुरेख होतं. भोपाळच्या त्या कारखान्याच्या वसाहतीत कुणाकडे मुंज असो की बारसं, आमंत्रणाचा मजकूर घेऊन मराठी माणसं तिच्याच दारात यायची. महिला मंडळाचं संक्रांतीचं हस्तलिखितही तीच लिहून काढायची. बायका आपापले लेख कशाही कागदावर खरडून आणून द्यायच्या आणि कमलिनी ते जाड पांढऱ्या कागदावर, काळ्या शाईने, एकसारख्या ओळींत उतरवायची. पाच वर्षं ती हे काम करत होती. त्या पाच वर्षांत तिचा स्वतःचा लेख त्यात एकदाही आला नव्हता, आणि कुणी मागितलाही नव्हता.

ती साताऱ्याची. नवरा नीळकंठ कारखान्यात ड्राफ्ट्समन. लग्न होऊन ती थेट इथल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आली, मग मीना झाली, मग धाकटा झाला. दिवस घरात जायचा. तो वाईट जात होता असं नाही. पण मीना लहान असतानाच शेजारच्या क्वार्टरमध्ये अनुराधा मुळ्ये राहायला आली, आणि कमलिनीला आपला दिवस तिच्या दिवसाशेजारी ठेवून बघायची सवय लागली.

अनुराधा इंदूरची, कमलिनीहून चार वर्षांनी लहान. पिपलानीच्या एका शाळेत शिकवायची. सकाळी पावणेसातला तिच्या दाराची कडी वाजायची. कमलिनी तेव्हा ओट्याशी उभी असायची, आणि खिडकीतून तिला रोज तेच दिसायचं: कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पर्स, मनगटावर बारीक पट्ट्याचं घड्याळ. अनुराधा फाटकाशी थांबून एकदा घड्याळात बघायची आणि चालू लागायची. ते घड्याळात बघणंच कमलिनीला सर्वांत जास्त लागायचं. तिला स्वतःला दिवसभरात वेळ बघायचं कारणच पडत नसे. कारखान्याचा भोंगा सगळं सांगायचा.

बाजारात अनुराधाबरोबर जायचं तिने हळूहळू बंद केलं होतं. दर दहा पावलांवर कुणीतरी पोर धावत येऊन "मॅडम, नमस्ते" म्हणायचं, आणि मॅडमच्या शेजारी भाजीची पिशवी धरून उभं राहिलेल्या बाईकडे कुणी बघायचंही नाही. सुभाष मुळ्ये बायकोला संध्याकाळचा चहा करून देतो, हेही कमलिनीला माहीत होतं. मागच्या दोन अंगणांमध्ये कंबरेएवढीच भिंत होती. चहात किती साखर टाकू, हे विचारलेलं पलीकडे ऐकू यायचं.

एका गोष्टीत मात्र अनुराधा कमी होती, आणि ती म्हणजे मराठी. "मी येऊन राहिले," "तो जाऊन राहिला," असं ती बोलायची. कमलिनी ते कधी सुधारत नसे. ऐकून घ्यायची, आणि तेवढ्यापुरतं तिला बरं वाटायचं.

एक्याऐंशी साली जनगणना झाली. शिक्षकांना घरोघर पाठवलं होतं आणि ही रांग नेमकी अनुराधाच्या वाट्याला आली. ती मोठाले कागद घेऊन कमलिनीच्या पुढच्या खोलीत बसली. नाव, वय, शिक्षण असं विचारत गेली. मग एका रकान्यापाशी आली, आणि काही न विचारता तिने लिहून टाकलं.

"काय लिहिलंस?" कमलिनीने विचारलं.

"काही नाही हो. गेल्या वर्षी काम केलं का, असं विचारतात. घरी असलं की 'नाही' लिहायचं असतं."

"नाही?"

"फॉर्ममध्ये असंच असतं न, कमलताई," अनुराधा म्हणाली, आणि उरलेला चहा संपवून पुढच्या घरी गेली.

कमलिनीने कपबशा उचलल्या. त्या दिवशी नीळकंठ घरी आल्यावर तिने त्याला ते सांगितलं. तो म्हणाला, "अगं, सरकारी कागद तो. त्याचं काय एवढं?" पण तो 'नाही' तिच्या डोक्यातून गेला नाही.

पुढच्या डिसेंबरात मंडळाच्या अध्यक्षा वसुधाबाईंनी हस्तलिखितासाठी विषय दिला: 'रोजच्या ज्या गोष्टींमुळे मी सुखी आहे.' विषय ऐकला आणि कमलिनीला पहिल्यांदाच वाटलं की आपणही लिहावं. घर, दुपार, मुलं, हे सगळं तर तिच्याच हातातलं होतं. धाकटा झोपल्यावर ती कागद घेऊन बसली. 'आमच्या नळाला दोन्ही वेळा पाणी येतं,' तिने लिहिलं, आणि पुढे लिहून गेली, 'अनुराधाला सकाळचं भरायला वेळ नसतो.' दुसरी गोष्ट लिहिली: 'मला मुलांना गरम जेवण वाढता येतं.' त्याच्यापुढे, 'अनुराधाची मुलगी डबा खाते.' तिसरीतही अनुराधा आली. कमलिनीने कागद वाचला, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. आपल्या सुखाच्या यादीत ओळीआड शेजारीण! तिने कागदाचे तुकडे केले आणि वसुधाबाईंना निरोप धाडला की यंदाही मी फक्त लिहून काढीन.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी अनुराधा भिंतीवरून कागद पुढे करत म्हणाली, "लिहून तर टाकलं, कमलताई. पण माझं मराठी तुम्हाला माहीतच आहे. कुठे चुकलं असेल तर तुम्हीच बघून घ्या न."

"ठेव तिथे," कमलिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने तो लेख समोर घेतला. भाषा अपेक्षेप्रमाणेच होती. 'मुलं खेळून राहिली' वगैरे तिने सफाईने दुरुस्त केलं. सुट्टीच्या दिवसाची सकाळ, सुभाषचा चहा, मटार सोलताना मुलीशी गप्पा, असं काहीबाही होतं. कमलिनी लिहीत गेली. मग शेवटच्या परिच्छेदाशी तिचा हात थांबला.

'थंडीच्या दिवसांत चार वाजता मागच्या भिंतीला पाठ लावून बसावं. भिंत दुपारभर ऊन खाऊन बसलेली असते. पाठीला ती ऊब लागली की वाटतं, आपल्या मागे कुणीतरी उभं आहे...'

हे वाक्य तिचं होतं. कमलिनी देवस्थळीचं. दोन वर्षांपूर्वी, धाकट्याच्या वेळी दिवस जड गेले होते, तेव्हा अनुराधाने भिंतीपलीकडून विचारलं होतं, "काय करता हो दिवसभर बसून?" आणि ती म्हणाली होती, "भिंतीला पाठ लावून बसते. वाटतं, कुणीतरी मागे उभं आहे." तेव्हा अनुराधा हसली होती. आणि आता तेच वाक्य तिच्या नावाखाली. चार वाजता ही बाई घरात तरी असते का? शाळेनंतरच्या शिकवण्या आटोपून पाचला येते. आल्यावर पर्स खुंटीला लावून पलंगावर पडते. हिने ती भिंत कधी बघितली?

पर्स आहे, घड्याळ आहे, नमस्ते करणारी पोरं आहेत. आणि माझ्याकडे जे एवढंसं होतं तेही उचलून नेलं, असं कमलिनीला वाटलं. तिने आदल्या परिच्छेदाच्या शेवटी पूर्णविराम दिला, त्याखाली रेघ मारली आणि लिहिलं, 'सौ. अनुराधा मुळ्ये.' सात ओळी गाळल्या. मूळ कागद घडी घालून वहीत ठेवून दिला.

संक्रांतीचं हळदीकुंकू वसाहतीच्या हॉलमध्ये झालं. तिळगूळ वाटून झाल्यावर वसुधाबाईंनी हस्तलिखित उघडलं आणि निवडक लेख मोठ्याने वाचायला घेतले. अनुराधाचा तिसरा होता. मटारांच्या गप्पांवर बायका हसल्या. कमलिनी मागच्या रांगेत मांडीवर धाकट्याला घेऊन बसली होती आणि अनुराधाच्या पाठीकडे बघत होती. लेख संपला, टाळ्या झाल्या. वसुधाबाई म्हणाल्या, "छान लिहिलंयस, अनुराधा. फक्त शेवट जरा अचानक झाला."

अनुराधाने मागे वळून बघितलं. घरी येताना दोघी बरोबरच आल्या, मुलं पुढे धावत होती. फाटकाशी आल्यावर ती म्हणाली, "शेवटचं राहिलं का, कमलताई?"

राहिलं असं म्हणता आलं असतं. अनुराधाने तिला तशी वाटही करून दिली होती.

"राहिलं नाही. मी गाळलं," कमलिनी म्हणाली.

"का पण?"

"ते तुझं नव्हतं म्हणून."

अनुराधाला क्षणभर काही कळलं नाही. मग एकदम तिच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा उतरला. "अहो, ते मला इतकं आवडलं होतं... कुणी म्हटलं हेच विसरले मी. मला वाटलं माझंच आहे. तुम्ही सांगायचं तर होतं! मी काढून टाकलं असतं."

"तुला सगळंच आपलं वाटतं."

"माझं काय आहे एवढं?"

"काय नाही?" कमलिनीचा आवाज चढला. "सकाळी उठून बाहेर पडतेस. चार माणसं ओळखतात. घरी आलीस की हातात चहा. माझ्या घरात बसून माझ्याच तोंडावर लिहिलंस, ही बाई काही काम करत नाही. आणि वर माझी दुपारसुद्धा तुलाच पाहिजे?"

मुलं थांबून बघायला लागली. अनुराधा हळू आवाजात म्हणाली, "सहा वर्षं तुम्ही माझ्याबद्दल असा विचार करून राहिल्या?" आणि आत निघून गेली.

दोघींचं बोलणं थांबलं. वसाहतीत अशा गोष्टी लपत नाहीत, पण भांडण कशावरून, ते कुणाला माहीत नव्हतं. कमलिनी चारला मागच्या भिंतीशी बसून बघायची. भिंत तापलेलीच असायची, पण तिथे बसलं की पलीकडची शांतता ऐकू यायची. आपल्या वाक्याबद्दल आपलं म्हणणं खरंच होतं, याबद्दल तिला शंका नव्हती. पण वाक्य आपलं होतं तर तसं तोंडावर सांगता आलं असतं. दुसरीने विश्वासाने सोपवलेला कागद गुपचूप कापायची काय गरज होती? हे तिने नीळकंठला विचारलं नाही. उत्तर तिला माहीत होतं.

हस्तलिखित दरवर्षी घरोघर फिरायचं, प्रत्येक घरी दोन दिवस. फेब्रुवारीत ते कमलिनीकडे आलं. तिने तेवढ्याच आकाराचा कागद कापला, वहीतला मूळ कागद काढला आणि सातही ओळी आपल्या उत्तम अक्षरात लिहून काढल्या. वर लिहिलं: 'सौ. अनुराधा मुळ्ये यांच्या लेखातील, माझ्या हातून मुद्दाम गाळला गेलेला मजकूर. — कमलिनी देवस्थळी.' आणि तो कागद लेखाच्या शेवटी खळीने चिकटवला.

हस्तलिखित तिच्याकडून वसुधाबाईंकडे जायचं होतं. ते हातात पडताच त्या तडक कमलिनीकडे आल्या. "अगं, हे 'मुद्दाम' कशाला? 'नजरचुकीने' लिही. बायका काय म्हणतील?"

"नजरचुकीने नव्हतं ते."

"कुणाला कळणार आहे?"

"मला कळतं ना, वसुधाबाई. आणि तिलाही."

वसुधाबाईंनी पुष्कळ समजावलं. कमलिनीने शब्द बदलला नाही. तो कागद मग वीस-बावीस घरांत वाचला गेला. पाण्याच्या टाकीशी, दूधकेंद्राशी बायका तिला बघून कुजबुजल्या. एकीने तर सरळ विचारलं, "कागद देऊ का तुला, की तोही कापशील?" कमलिनीने ते ऐकून घेतलं.

मुळ्यांच्या घरी हस्तलिखित गेलं, त्यानंतरच्या रविवारी दुपारी अनुराधा पुढच्या दाराने आली. आत न थांबता मागच्या अंगणात गेली आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. कमलिनी भाजी निवडत होती. तीही शेजारी बसली.

"तापलेली आहे खरंच," अनुराधा म्हणाली.

"हं."

"रविवारी मी आठवड्याचे कपडे धुते. इथे कधी बसले नाही, तुमचं बरोबर होतं." मग ती म्हणाली, "त्या फॉर्मचंही. निदान विचारायला हवं होतं मी तुम्हाला."

"मीही तुझ्यावर फार ओरडले."

"फारच," अनुराधा म्हणाली, आणि दोघी हसल्या. पण हसता हसता अनुराधाने मनगट वळवून वेळ बघितली, आणि कमलिनीला पुन्हा तेच लागलं. गेलं नव्हतं. जाणारही नव्हतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

पुढच्या संक्रांतीला विषय मोकळा होता. कमलिनीने लेख लिहिला आणि तो स्वतःच वाचून दाखवायला उभी राहिली. पहिलं वाक्य होतं, 'मला माझ्या शेजारणीचा हेवा वाटतो.' तिने साडीबद्दल, घड्याळाबद्दल, नमस्तेबद्दल सगळं वाचलं. घड्याळाशी आली तेव्हा पहिल्या रांगेतून अनुराधाच सर्वांत मोठ्याने हसली. मग कमलिनी दुसऱ्या पानावर गेली.

'पण मीना शाळेतून येते तेव्हा तिचं पहिलं वाक्य मला ऐकायला मिळतं. बहुतेक वेळा ते 'भूक लागली' एवढंच असतं. तरी ते दुसऱ्या कुणाला मिळत नाही. भोंगा झाला की शेकडो सायकली फाटकातून सुटतात, आणि त्यातली आमची कुठली ते मला मडगार्डच्या आवाजावरून दोन वळणं आधी कळतं. धाकटा आजारी पडला तर मला कुणाकडे रजा मागावी लागत नाही. हे सगळं माझ्याकडे आहे, आणि ते मला आवडतं. हे लिहिताना मी पुष्कळ प्रयत्न केला की त्यात शेजारीण येऊ नये. ती दोनदा आली. दोन्ही वेळा मी तिला राहू दिलं.'

वाचून संपल्यावर ती खाली बसली. टाळ्या उशिरा आल्या, पण आल्या. कार्यक्रमानंतर तिला घरी जायला बराच वेळ लागला, कारण चार बायकांनी एकेक करून तिला दाराआड बोलावून घेतलं आणि अगदी हळू आवाजात आपापल्या शेजारणींची नावं सांगितली.