फळा पुसणारं बोट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, सोबत पत्रकं वाटणाऱ्यांना तर नाहीच. आत्ताही हात घाईला आलाय — आधी सांगूनच टाकू का? नको. आधी तो कॉम्प्युटर.

परळच्या आमच्या गिरणी कामगारांच्या कार्यालयात कुणीतरी तो जुना कॉम्प्युटर देऊन टाकला होता. संप मोडून वीसेक वर्षं झाली होती, गिरण्यांच्या जागी काचेचे टॉवर उठत होते, आणि मी — काळाचौकीतला, पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून अक्षरं शिकलेला — C ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत होतो. काय दिवस होते ते! मी त्यावर लिनक्स टाकलं, प्रत्येकाला स्वतःचा फोल्डर दिला आणि मध्ये एक सगळ्यांना खुला — त्याचं नाव चव्हाटा. कुणीही यावं, लिहावं, पुसावं. कुलपं मालकांची असतात, असं मी छाती काढून सांगायचो.

नाक्यावरच्या फळ्याची आमची रीत होती — ज्याच्याकडे आज सांगण्यासारखं असेल त्यानं कालचा फळा पुसायचा आणि आपलं लिहायचं. तीच मी आत आणली. चव्हाट्यावर 'फळा' नावाची फाइल. माझा प्रोग्राम रोज सकाळी ती कोरी करून बातम्या लिहायचा. प्रोग्रामला अधिकार सगळ्यात वरचे, कुठे अडायला नको म्हणून. उघडायला साधं fopen, सोबत "w" — म्हणजे असेल ते पुसून उघड.

आणि भिवाकाका. गिरणीच्या साचेखात्यात मागावर असलेले, संपात सगळं गमावलेले. दोन बोटांनी महिनोन्‌महिने टाइप करत होते — संपात त्यांच्या चाळीच्या मजल्यावरच्या बायकांनी एकाच चुलीवर सगळ्यांचं कसं रांधलं, कोण गावाला गेलं ते परतलंच नाही. माझं फळ्यावर येईल का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काका, फाइल तुमच्याकडेच ठेवा, चव्हाट्यावर फक्त तिच्याकडे नेणारी पाटी लावा. सिम्बॉलिक लिंक म्हणजे तेवढंच — एका नावाची, दुसरीकडे बोट दाखवणारी पाटी. कशी लावायची ते मीच शिकवलं.

त्यांनी रीतीप्रमाणे केलं. कालचा फळा पुसला आणि त्याच नावाची पाटी लावली.

सकाळी माझा प्रोग्राम 'फळा' उघडायला गेला, पाटीमागून मुकाट त्यांच्या फोल्डरमध्ये शिरला आणि काकांची फाइल कोरी करून तिथे बातम्या लिहून मोकळा झाला. दुसरी प्रत नव्हती. प्रत ठेवायचं काम कुणाचं होतं? माझंच.

मला ते लगेच कळलं. यादीत 'फळा'पुढे बाण होता, काकांच्या फाइलकडे रोखलेला. काका चष्मा शोधत होते. मी काय केलं? — ती पाटी काढून टाकली. मग काकांनी आपली फाइल उघडली, आत नुसत्या बातम्या.

"झिला, माझा बोट खंय चुकला काय रे?"

"होतं असं, काका."

एवढंच बोललो.

मग झपाटल्यासारखा शिकत सुटलो. आधी पाटी आहे का बघायचं आणि मग उघडायचं, हे चालत नाही. त्या दोहोंच्या मधल्या क्षणात कुणीही पाटी लावू शकतं. म्हणून उघडतानाच बजावायचं — open ला O_NOFOLLOW द्यायचं, म्हणजे पाटीमागून जाऊ नकोस. शेवटचं नाव पाटी निघाली तर उघडणंच फसतं. उघडल्यावर हाती आली ती साधी फाइलच आहे ना, हे fstat नं पाहायचं, आणि पुसायचं सगळ्यात शेवटी. वरचे अधिकारही काढून घेतले. रविवारच्या बैठकीत हे सगळं मी रंगवून सांगितलं, पुढची खबरदारी म्हणून. किती सुंदर वाटत होतं मला ते! टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्यानं काकांनी वाजवल्या.

काकांनी पुन्हा कीबोर्डला हात लावला नाही. पोरं आग्रह करतात तेव्हा अजूनही उजव्या हाताचं बोट वर करतात — "ह्या बोटान आख्खो संप पुसलो." सगळे हसतात. मीही हसत आलोय.

काका, तुमचं बोट चुकलं नव्हतं. पुसलं ते मी.

हे ज्यात छापून येतंय तो आमच्या कार्यालयाचा अंक त्यांच्या दारात दर वेळी मीच नेऊन देतो. या वेळीही मीच नेणार आहे. चष्मा सापडेपर्यंत थांबेन.