कॉलरचं मशीन

आमचे हे शिवणाच्या कारखान्यात मशीन मेकॅनिक आहेत. आहेत की होते, ते अजून मला नीट सांगता येत नाही. एकतीस वर्षं एकाच ठिकाणी काढली. साठ मशीनं, साठ बायका आणि दुरुस्तीला हे एकटे. कारखान्यात त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात, कारण यांची तपासायची पद्धतच तशी. लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक चालत्या मशीनच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत काय घासतंय, सुई कशाला थडकतेय, सगळं त्या मुठीतून कळतं म्हणे. मग डोळे उघडून 'तेल हवंय' किंवा 'टायमिंग सरकलंय' एवढंच बोलणार. मशीन उघडलं की बहुतेक तसंच निघायचं. नव्या बायका सुरुवातीला तोंडाला पदर लावून हसायच्या आणि जुन्या त्यांना डोळे वटारायच्या.

पण एवढ्या खडखडाटात एकतीस वर्षं काढल्यावर कान कसे शाबूत राहणार? हळूहळू माणसांचं बोलणं यांना ऐकू येईनासं झालं. मशीनचं कळायचं, कारण ते हाडातून यायचं. माझं काही हाडातून येत नाही. मी 'दार लावा' म्हटलं की हे 'हो, बघू उद्या' म्हणायचे. मी ओरडून ओरडून बोलणार, त्यावर हे म्हणणार, 'भांडतेस कशाला?' आमच्या घरातल्या गोष्टी आमच्याआधी खालच्या मजल्यावर कळायच्या. शेवटी मीच मुलीच्या मागे लागले की तुझ्या बाबांच्या कानाचं काहीतरी बघ, नाहीतर माझा घसा तरी बघ.

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करते. सुट्टी घेऊन आली, यांना तपासायला नेलं आणि कानात बसणारी ती दोन छोटी यंत्रं आणली. चण्याएवढी. डबीत ठेवली की चार्ज होतात आणि त्यांचं सगळं चालतं मोबाईलवरच्या ॲपवर. यांचा फोन साधा, बटणांचा, म्हणून ॲप टाकलं माझ्या फोनमध्ये. खोटं कशाला बोलू, मला फार मजा वाटली. लग्नाला बत्तीस वर्षं झाल्यावर नवऱ्याचा कारभार माझ्या एका बोटावर आला होता.

पहिला आठवडा मात्र वाईट गेला. नळ सोडला की हे दचकायचे. पंखा लावला की कानावर हात. रस्त्यावरून गाडी गेली की जिन्यातच थांबायचे. चौथ्या दिवशी त्यांनी ती डबी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, परत कर, मला नको हे. जिथे यांचे कान तपासले तिथल्या तपासणीवाल्या मुलीला मी फोन लावला. तिने समजावलं की ॲपमध्ये एक पर्याय आहे, तो लावला की माणसांचं बोलणं पुढे येतं आणि बाकीचा गोंगाट मागे जातो. पंखा, गाड्या, मशीनं, जे जे एकसारखं वाजतं ते यंत्र स्वतःच ओळखतं आणि दाबून टाकतं. घरी सवय होईपर्यंत लावा, असं ती म्हणाली. कामावर जाताना पहिल्यासारखं करा, असंही म्हणाली. हे दुसरं वाक्य मी ऐकलं, मान डोलावली आणि सोडून दिलं.

का सोडलं तेही सांगते. त्या पर्यायात हे माझ्याशी बोलायला लागले. मी स्वयंपाकघरातून हळू काही म्हटलं तरी बाहेरून उत्तर यायचं. संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीत बसून तासतासभर गप्पा मारायला लागलो, त्याही साध्या आवाजात. इतकी वर्षं मी या माणसाशी गप्पा मारल्या नव्हत्या, नुसत्या सूचना दिल्या होत्या. मग ते परत बदलायला माझं बोट कसं वळणार? रोज सकाळी त्यांनी यंत्रं कानात घातली की मी ॲप उघडून तोच पर्याय लावायचे. डबा हातात द्यायचे आणि जिन्यापर्यंत जायचे.

स्क्रूड्रायव्हरही तेव्हाच सुटला. मूठ कानामागे लावायला गेलं की यंत्राला धक्का लागून ते कर्कश शिट्टी मारायचं. हे वैतागले. म्हणाले, आता कानच नवे आलेत, तर काठी कशाला? नुसतं वाकून ऐकायला लागले. आणि एक दिवस घरी येऊन मला म्हणाले, 'अगं, मशीनं किती गुळगुळीत चालतात आता. इतकी वर्षं मी चांगलं काम केलंय असं दिसतंय.' मी त्यावर काय केलं? मी खूश झाले. मुलीला फोन करून सांगितलं. आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

गेल्या महिन्यातली गोष्ट. कारखान्यात कॉलर शिवणारी एक बाई आहे, पस्तिशीची असेल. सात वर्षं त्याच मशीनवर बसते. सगळे तिला कॉलरवाली म्हणतात. तिने सकाळी यांना बोलावलं आणि मशीन आतून ठोकतंय म्हणून सांगितलं. हे गेले, वाकले, ऐकलं. काही नाही, चालव, म्हणाले. तासाभराने तिने परत बोलावलं, हे परत तेच म्हणाले. जेवणाच्या सुट्टीनंतर सुई मोडली आणि तुकडा उडून तिच्या उजव्या डोळ्यात गेला.

यांनीच तिला उचलून गाडीत बसवलं. संध्याकाळी घरी आले तेव्हा सदऱ्याच्या बाहीवर रक्त होतं. मशीन त्यांनी नंतर उघडलं होतं. टायमिंग सरकलेलं होतं, सुई दर टाक्याला आतल्या हुकावर आपटत होती. शिकाऊ माणसालाही ऐकू आलं असतं, असं ते म्हणाले. दोन्ही यंत्रं काढून त्यांनी खिडकीत ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवशी कामावर गेले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. कारखान्यातून साहेबाचा निरोप आला की काय झालं ते लेखी द्या. हे नुसतं एकच धरून बसले होते, माझा कान गेला, मी संपलो. रिटायर व्हायला तीन वर्षं राहिलेली, आणि हे कोऱ्या कागदासमोर बसून लिहिणार होते की मी या कामाच्या लायकीचा राहिलो नाही, मला मोकळं करा.

आणि मला, तिसऱ्या दिवशी, भांडी घासताना, त्या तपासणीवाल्या मुलीचं दुसरं वाक्य आठवलं, कामावर जाताना पहिल्यासारखं करा. मी नळ तसाच सोडून खाली बसले.

सांगायचं की नाही, यात दोन तास घालवले. खरं तेच सांगते. मनात आलं, ॲप काढून टाकावं, कुणाला कळणार आहे? पण समोर तो कागद घेऊन बसलेला माणूस बघवेना. माझं घरचं शिवणयंत्र मी टेबलावर काढलं, यांना जबरदस्तीने कानात यंत्रं घालायला लावली आणि मोटर सुरू केली. विचारलं, कसं चालतंय? छान, म्हणाले. मग मी फोन घेतला आणि पर्याय बदलला. त्यांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. मशीन तेच, गती तीच, आणि हे एकदम मागे सरकले. माझ्या हातातला फोन त्यांनी बघितला. मी पुन्हा बोट लावलं, पुन्हा काढलं. चारदा केलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, 'म्हणजे माझा कान चांगला आहे.' आणि रडायला लागले.

मग माझ्याच अंगात आलं. मी साहेबाला फोन केला आणि सगळं सांगितलं, कुठलंही पांघरूण न घालता, चूक माझी म्हणून. साहेबाचा आवाज एकदम हलका झाला. हे उत्तम झालं, म्हणाला. असंच लिहून द्या, यंत्राने आवाज दाबला, मेकॅनिकला ऐकू आलं नाही, कुणाचाच दोष नाही. डॉक्टरांनी सोमवारपासून यावं. मला तर वाटलं, सुटलो. यांना म्हटलं, चला, आधी कॉलरवालीकडे जाऊ, तिलाही कळायला हवं की तुम्ही हयगय केली नव्हती.

ती घरीच होती. एका खोलीचं घर, दाराला लागून पलंग, पलंगावर ती उशीला टेकून बसलेली. अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी. डोळा वाचला होता, पण दिसेल किती ते पट्टी निघाल्याशिवाय कळणार नव्हतं. बारीक टाक्याचं काम पुन्हा होईल की नाही, हे तिनेच विचारलं आणि तिनेच सोडून दिलं. मी मात्र बोलत सुटले. फोन काढून तिला ॲप दाखवलं. हा पर्याय, हा असा लावते, मग मशीनचा आवाज असा बंद होतो आणि फक्त माणसाचं बोलणं ऐकू येतं. दोनदा समजावलं. माफी मागितली, हात जोडले. तिने एका डोळ्याने ते नीट बघून घेतलं. मला वाटलं, पटलं हिला.

मग ती यांच्याकडे वळून म्हणाली, 'डॉक्टर, म्हणजे मशीनचं तुम्हाला ऐकू आलं नाही. पण मी बोलले ते ऐकू आलं होतं ना?'

यांनी तोंड उघडायच्या आत तीच पुढे म्हणाली,

'दोनदा बोलावलं मी तुम्हाला. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तुमच्या टेबलापाशी आले होते, तिसऱ्यांदा सांगायला.'

मी मध्ये तोंड घालणार होते. यांनी हात वर करून मला थांबवलं.

'ऐकू आलं होतं,' हे म्हणाले. 'अगदी स्वच्छ. तिन्ही वेळा. मला वाटलं, हिला काय कळतं.'

तिने मान हलवली. म्हणाली, पाणी घेता का. आम्ही घेतलं आणि निघालो.

तिसऱ्या वेळचं त्यांनी मला सांगितलं नव्हतं. घराचं कुलूप काढताच मी सुरू झाले. म्हटलं, तिच्यापुढे बोललात ते बोललात, कागदावर तसलं काही घालू नका. साहेब स्वतः वाट काढून देतोय. दोष माझ्या बोटाचा आहे, लिहा माझ्या बोटाचा. खोटं कुठे आहे त्यात? हे ऐकत होते. यंत्रं कानात होती, मीच लावून दिली होती, माझा शब्दही वाया जात नव्हता. त्यांनी टेबल पुसलं, कागद सरळ केला आणि लिहायला बसले. दहा मिनिटांत झालं. मग कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, वाच, शुद्धलेखन बघ.

मी सबंध कागदात फोन शोधला. ॲप शोधलं, मला शोधलं. कुठेच नव्हतं. एवढंच होतं की कॉलरच्या मशीनवर बसणाऱ्या बाईंनी मशीन ठोकत असल्याचं मला तीन वेळा सांगितलं, त्यांचं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं, तरी मी मशीन बंद केलं नाही. त्या मशीनची त्यांना माझ्याइतकीच माहिती आहे. खाली सही आणि तारीख.

कागद फाडावा असं मनात आलं होतं. फाडला नाही. दुसऱ्या दिवशी हे तो साहेबाला देऊन आले. सोमवार गेला, त्यानंतरचाही गेला. साहेबाने अजून काही कळवलेलं नाही. हे रोज सकाळी तयार होतात आणि बसून राहतात. मला त्यांचा राग येतो, अजून येतो, या वयात असला शहाणपणा सुचला म्हणून. काल सकाळी चहा देताना मी म्हटलं, इतकं सगळं लिहिलंत, माझं नाव तरी घालायचं होतं, निदान चूक अर्धी झाली असती.

'तुला विचारून वाटलं होतं का मला,' ते म्हणाले, 'की हिला काय कळतं?'