व्याह्याचं फडकं

आज मी चार ओळी नीट लिहू शकतो ते माझ्या काकीमुळे. आमच्या घरात कोणीच कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, तेव्हा मला हाताला धरून शहाद्याच्या कॉलेजात नेणारी तीच. स्वतः सातवी शिकलेली. म्हसावदकडच्या आमच्या गावाची ती सरपंच आहे, हे मुद्दाम सांगतो, कारण गावात ते कोणी सांगत नाही. गावात ‘ओ सरपंच’ अशी हाक आली की माझे काका वळून बघतात.

जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा काकांना वाटलं, घरातच सहीची सोय झाली. काकीने मात्र घरोघर जाऊन बायकांना शब्द दिला होता, “मी कोन्याच पार्टीनी नही. नळनं पानी आनसू, बस.” बायकांनी त्या शब्दावर मतं दिली.

पुढे वरचे पुढारी फुटले, पक्ष फुटले, कालचे शत्रू आज एका गाडीतून उतरू लागले. काकाही त्यांच्या मागोमाग फुटत राहिले. दर वेळी गळ्यात नवं उपरणं आणि चेहऱ्यावर तोच त्यागाचा भाव. जुनं उपरणं खुंटीवर पडायचं. काकी ते चुलीवरचं गरम पातेलं उतरवायला घ्यायची. कोणी विचारलं तर म्हणायची, “जाड कापड शे. तत्त्वनं शे ना!”

उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्या ओट्यावर वर्षाच्या तिखटासाठी मिरचीचे देठ खुडायला गल्लीतल्या बायका बसतात. हात भगभगतात, तोंडं मोकळी सुटतात. आमच्याकडे लग्नात मुलीकडच्या बायका व्याह्यांना गाण्यातून मनसोक्त शिव्या घालतात, आणि व्याह्याने रागवायचं नाही, हसत ऐकून घ्यायचं, असा रिवाज आहे. काकी त्याच चालीवर पुढाऱ्यांवर ओळी जुळवायची. काका जवळच खाटेवर असायचे, पण बायका काय म्हणतात ते ऐकायची त्यांना सवयच नव्हती.

मग काकीच्या लेकीचं, माझ्या चुलतबहिणीचं, लग्न ठरलं. काकांना भलतीच अक्कल सुचली. आशीर्वाद द्यायला नव्या पक्षाचे पुढारी भाऊसाहेब येणारच आहेत, मांडव आहे, माईक आहे, गर्दीही फुकट जमलेली आहे. मग सरपंचबाईंचा पक्षात जाहीर प्रवेश तिथेच का उरकू नये?

“तुले फक्त हुबं ऱ्हावनं शे,” आदल्या दिवशी ते काकीला म्हणाले. “भाऊसाहेब गयामा उपरनं टाकतीन, फोटो निंघी, व्हई गयं.”

“मी बायास्ले शब्द देयेल शे.”

“बायास्ले काय समजस? अन् मांडोमा तमाशा करू नको. पोरनं लगन शे.”

काकी रुखवत मांडायला वळली. लेकीच्या लग्नात आई कुणाचा अपमान करू शकत नाही, हे काकांना पक्कं माहीत होतं. इतर कशाचा नसला तरी बायकोच्या अडचणींचा त्यांचा अभ्यास दांडगा.

पुढारी आले तोवर मुहूर्त टळला होता. त्यांच्यासाठी मंगलाष्टकं थांबवून ठेवली होती. देवाला थांबवणं त्या मानाने सोपं. अक्षता पडल्या आणि काकांनी माईक धरला. आनंदाच्या भरात ते बोलून गेले, “भाऊसाहेब आमचे पाहुणे नाहीत. आजपासून त्यांना आमचे व्याहीच समजा!”

टाळ्या झाल्या. बायकांच्या बाजूने मात्र मिरचीच्या बैठकीतली एक म्हातारी म्हणाली, “आयकं का वं? व्याही म्हनना. आते आपलं काम चालू करा!”

आणि सगळ्यांनी एकदम सूर धरला.

“व्याही उना मांडोमा, गयामा नवं फडकं वं माय,
कालनं फडकं कोठे टाकं, त्याले इचारा वं माय.
रोज नवी सोयरीक करस, नांदस कोठेच नही वं माय!”

पुढारी आमच्याच जिल्ह्यातले. रागवलो तर चारचौघांत आपलीच शोभा, हे त्यांना कळत होतं. ते दात दाखवत उभे राहिले. सगळ्यात मोठ्याने खरे व्याही हसत होते, त्यांच्या वाटणीच्या शिव्या वाचल्या होत्या.

घाईघाईने पुढाऱ्यांनी उपरणं उलगडून काकीपुढे धरलं. काकीने ते अदबीने दोन्ही हातांत घेतलं. “व्याही, पहिला मान तुम्हना,” म्हणाली, आणि व्याह्याला टॉवेल-टोपी देतात तसं ते त्यांच्याच गळ्यात घातलं, आधीच्या उपरण्यावर. कपाळाला कुंकू लावलं. फोटोवाल्याने फोटो काढला. काकांच्या तोंडात ‘जाहीर’ एवढाच शब्द येऊन थांबला होता.

दोन उपरण्यांतले पुढारी संध्याकाळपर्यंत तालुकाभर फिरले, प्रत्येकाच्या मोबाईलवर. काका बरेच दिवस घरात न जेवता स्टँडवरची भजी खाऊन निषेध करत होते. पोट बिघडलं तेव्हा मऊ भात काकीनेच करून वाढला.

मी नोकरीच्या गावी, नंदुरबारला परतलो आणि तिला पत्र पाठवलं.

“काकी,

फोनवर बोलताना काका शेजारी असतात, म्हणून लिहितो. कॉलेजात माझं नाव घालताना साहेबांनी विचारलं होतं, पालक कोण? तू म्हणालीस, मी. तरीही त्यांनी बाहेर पाहिलं, एखादा पुरुष मागून येतोय का म्हणून. तुझ्या खुर्चीचंही गावाने तेच चालवलं आहे.

येत्या ग्रामसभेला मी रजा टाकून येतो. काका तुझ्या खुर्चीवर आधीच बसलेले असतील. भांडू नकोस. मिरचीवाल्या सगळ्यांना पुढे बसव आणि एवढंच म्हण, ‘खुर्चीवर व्याही बसेल शे वं.’ ते आपणहून उठतील.

मग नळाचा विषय पहिला घे.

तुझा पुतण्या”