माइकरावांचा गोठा

आमच्या थोरल्या भाऊजींना सगळे माइकराव म्हणतात, आणि त्यांना तो मान वाटतो. खरं तर माइक मिळण्याआधीही ते तसेच होते. शेणाच्या घमेल्याला बोट न लावता शेणावर तासभर बोलणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. ते धार काढायला बसले की गाय पान्हा चोरायची. बहुधा बडबडीला कंटाळून. गोठा चालवायच्या त्या जाऊबाई, म्हणजे त्यांची बायको, आणि त्यांच्या हाताखाली मी, धाकटी जाऊ. माझा नवरा दूध घालायला जायचा. भाऊजी देखरेख करायचे. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान उंट तरी लागतो. यांचं खुर्चीवर भागायचं.

एकदा शहरातून कसलंसं शिबिर करून आले आणि जेवताना जाहीर केलं, "लोकांना आपलं अन्न कुठून येतं हेच ठाऊक नाही. आपण आपला गोठा त्यांच्यासाठी उघडायचा."

"उघडाच आहे की," जाऊबाई म्हणाल्या. "दाराची कडी मोडलीय ती तुम्ही कुठे बसवलीत?"

कडी बसली. भिंतींना रंग लागला. पाहुण्यांना वास नको म्हणून उकिरडा उचलून आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आला. गोठ्यात स्पीकर टांगला गेला. पहिल्याच दिवशी तो असा किंचाळला की दोन शेळ्या कुंपणावरून पसार झाल्या. सगळ्यात हाल तांबडीचे. पाहुण्यांची बस येणार उन्हं चढल्यावर, तोवर तिची धार काढायची नाही असा हुकूम. कास तटतटून गाय हंबरायला लागली की भाऊजी माइकवरून सांगायचे, "ऐका मंडळी, ती तुमचं स्वागत करतेय!" जाऊबाई पहाटे गुपचूप तिला निम्मी मोकळी करून ठेवायच्या, म्हणून ती टिकली.

आणि पाहुणे तरी काय, एकेक नमुना! नाकाला रुमाल लावून गाय बघायला आलेले. एकाने मला गाय जरा डावीकडे सरकवायला सांगितली, फोटोत सावली पडते म्हणून. मुलं कोंबड्या कडेवर घ्यायची, त्यांना लाडाची नावं ठेवायची. मग सगळे जेवायला बसायचे आणि गोठ्याच्या मागे मी कोंबडी धरायची, जाऊबाईंनी सुरी चालवायची. एकदा एका चिमुरडीने ताटातला तुकडा उचलून विचारलं, "ही कोंबडी कुठून आली?"

"बाहेरून मागवतो, बाळ," भाऊजी म्हणाले.

मी वाढत होते. माझ्या बाहीला पीस चिकटलेलं होतं.

नंतर मी विचारलं, "भाऊजी, बाहेरून म्हणजे गोठ्याच्या मागून का?"

"लोकांना झेपेल तेवढंच शिकवायचं असतं," ते म्हणाले. "तुला नाही कळायचं त्यातलं."

खरंच नाही कळलं. अन्न कुठून येतं ते सांगायचा धंदा मांडायचा, आणि कुणी नेमकं तेच विचारलं की थाप मारायची! गोऱ्हे कुठे जातात असं कुणी विचारलं, तर ते 'दुसऱ्या शेतावर राहायला' जायचे. जसे काही जावई.

मग तो रविवार आला. काळी गाय व्यायला झाली होती. सकाळीच ती सारखी ऊठबस करत होती. जाऊबाई म्हणाल्या, "लक्षण ठीक नाही. डॉक्टरांना बोलवा."

"बस यायची वेळ झाली. दारात डॉक्टरांची गाडी उभी राहिली तर काय शोभा? पाहुणे गेले की बोलावू."

पाहुणे आले, अंगणभर पांगले, आणि काळी आडवी झाली. मागचे पाय आधी आले होते, आणि वासरू अडकलं होतं. जाऊबाई ओरडल्या, "अहो, इकडे या! दोर धरा!"

भाऊजी आले ते बोलतच. "मंडळी, आता आपण निसर्गाचा चमत्कार..."

"चमत्कार नंतर! आधी ओढा!"

आम्ही तिघांनी ओढलं. वासरू आलं, पण गप्प. जाऊबाईंनी त्याच्या नाकातला चिकटा काढला, आम्ही त्याला उलटं धरलं, गवताने घासघास घासलं. काही उपयोग झाला नाही. आणि इथे मी खोटं बोलणार नाही: भाऊजी इस्त्रीच्या कपड्यांनिशी शेणात बसले आणि पोरासारखे रडले. "माझ्यामुळे मेलं गं. तू सांगत होतीस. मी बसची वाट बघत राहिलो."

माइक चालू होता. सगळं अंगण ऐकत होतं. कुणाचा मोबाइल वर गेला नाही. एका म्हाताऱ्याने टोपी काढून हातात घेतली. आमच्या दारात त्या दिवशी पहिल्यांदा कुणी काही शिकून गेलं असेल.

संध्याकाळी भाऊजींनी माइक खुंटीला टांगला. जेवले नाहीत. मी न मागता त्यांना चहा नेऊन दिला. वाटलं, चला, माणूस ताळ्यावर आला.

कसला ताळा! आठवडाभर फोन वाजत राहिला. आलेल्यांनी चार जणांना सांगितलं होतं, आणि आता सगळ्यांना ती जागा बघायची होती. पुढच्या रविवारी माइक खुंटीवरून उतरला. "इथे, मंडळी, याच जागी..." आणि आवाज फुटला. त्यानंतरच्या रविवारी त्याच शब्दावर फुटला. मग तिथे ताजं गवत अंथरायला लागले. हळूहळू 'माझ्यामुळे' गळून पडलं आणि एके दिवशी स्पीकरवरून ऐकू आलं, "पण डॉक्टर वेळेवर पोचले नाहीत!"

जाऊबाई बादली घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी बादली खाली ठेवली. पाहुण्यांसमोरच तांबडीचं दावं सोडलं, मग काळीचं, मग बाकीच्यांची. शेताच्या दुसऱ्या टोकाला वैरणीची जुनी शेड होती, तिकडे निघाल्या. मी मागोमाग. माझा नवरा नुकताच परतला होता. त्याने न विचारता शेळ्या हाकल्या.

भाऊजी माइक मुठीत दाबून धावत आले. "अगं, पुढच्या रविवारी दोन बस आहेत!"

"येऊ द्या."

"त्यांना दाखवू काय मी?"

"स्वतःला दाखवा," जाऊबाई म्हणाल्या. "नाहीतरी तेच दाखवता."

तुम्हाला वाटेल, त्यांची खोड मोडली. कुठलं काय! त्यांनी रबरी सडांची लाकडी गाय करून घेतली. पोटात टाकी. बस यायच्या आधी त्यात दुकानातल्या पिशव्यांचं दूध ओततात. मुलं ओळीने सड पिळतात आणि पालक टाळ्या वाजवतात. ती लाथ मारत नाही, वीत नाही, मरत नाही. भाऊजींना हवी होती तशी गाय शेवटी सुताराने दिली. जुन्या जागी रडणं अजून चालतंच.

आम्ही दोघी शेडमध्ये. घर एकच आहे. भाऊजी रात्री जेवायला येतात, जाऊबाई वाढतात, गोठ्याचा विषय कुणी काढत नाही.

कधी एखादा पाहुणा वाट चुकून आमच्याकडे येतो आणि खऱ्या गाई बघून हरखतो. जाऊबाई त्याच्या हातात शेणाचं घमेलं देतात. बहुतेकांना लगेच बस आठवते. परवा एका बाईने मात्र घमेलं घेतलं, भरलं, आणि निम्मं वाटेत सांडलं. मग कौतुकाच्या अपेक्षेने वळून बघितलं.

"सांडलंय ते उचल आधी," जाऊबाई म्हणाल्या.

तिने उचललं.