यशवंताच्या आठ नोकऱ्या

यशवंत गेल्याचा फोन त्याच्या बायकोचा, सुमनचा, मुरबाडहून आला, तेव्हा मी शहापूरच्या वाचनालयात नव्या पुस्तकांवर क्रमांक घालत होते. “वन्सं, हे गेले... कामावरनं आले, पानी मागितलं, आनि...” एवढंच ती बोलू शकली. सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा की, कुठल्या कामावरून? आठव्या की नवव्या?

यशवंत माझा धाकटा चुलतभाऊ. आयटीआय झालेला फिटर, हात उत्तम. पण शेवटची काही वर्षं पाऊस लागला की ठेकेदाराकडची नोकरी सोडायचा आणि श्रावणात दुसऱ्या कारखान्याच्या फाटकावर उभा राहायचा. अर्ज माझ्याकडून लिहून घ्यायचा. “नोकऱ्यांची यादी बघून साहेब कसा बघतो सांगू?” म्हणत भुवई उंचावून दाखवायचा. मी हसायचे, पण मनातून साहेबाच्या बाजूची असायचे. माणूस कुठंच टिकत नाही, म्हणजे काहीतरी असणारच... दारू? हातघाई? एकदा तो माठाशी वाकला असताना मी हळूच वासही घेऊन पाहिला होता.

“आवनीला गेलतो गो ताई,” तो म्हणायचा.

“दोन खाचरांत भात लावायला दीड दिवस पुरतो. तुला तीन आठवडे?”

“चिखलात पाय रुततात ना!”

चाळिशीत त्याला मुरबाडच्या एका कारखान्यात कायम नोकरीची संधी आली. ही गेली की वय निघून जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी अर्जात आठांतली सहा ठिकाणं गाळली आणि उरलेल्या दोन ठिकाणच्या तारखा ताणून जोडून टाकल्या. तो कागदाकडे बघत राहिला. “असं लिवलं तर चालंल?” “सही कर,” मी म्हणाले. त्यानं केली.

नोकरी मिळाली नाही. “तिथंही भांडलास ना?” मी विचारलं. “हां, भांडलो,” म्हणून तो हसला.

बाराव्यानंतर सुमननं त्याची प्लॅस्टिकची फाइल माझ्यापुढे ठेवली. त्यात तो अर्ज होता, माझ्या अक्षरातल्या तारखांभोवती लाल गोल काढलेला. “साहेबानं जुन्या ठिकानी फोन लावला, गोल काढून अर्ज परत दिला. म्हनला, नोकऱ्या बदलनारा एकवेळ चालला असता, खोटं लिवनारा नाय.” साहेबाचं हे बोलणं मला अजून खरं वाटत नाही. नाकारल्यावर असं म्हणणं सोपं असतं. पण यशवंतानं मला का सांगितलं नाही, मी सुमनला विचारलं. “तुमाला लागलं असतं. तुमी ह्यांना भांडखोर समजल्या, ते ह्यांना चाललं.”

मग त्या तीन आठवड्यांचंही तिनं सांगितलं. “मला गुडघ्यांमुळं वाकता येत नाय. आमच्या खाचरांत सात घरांची मानसं उतरायची. सावडच ती, त्यांच्याकडं उलट जायलाच लागतं. सातही घरी हे एकले जायचे. ठेकेदार सुट्टी देत नव्हता, मग काम सोडायचे.”

आवणीला जातो, हे तो दरवर्षी सांगतच होता. मी मात्र वास घेत होते...

ती फाइल आता वाचनालयातल्या माझ्या खणात असते. अजूनही कुणी ना कुणी अर्ज लिहून घ्यायला येतं. ठिकाणांची लांब यादी ऐकून माझी भुवई अजूनही उचलली जाते. तेव्हा मी खण उघडते, पेन खाली ठेवते आणि विचारते, “का सोडलंस?” समोरचा बोलायचा थांबेपर्यंत मी कागदाला हात लावत नाही.